टेप, एल स्केल, फ्रेंच कर्व्ह: पॅटर्न काढताना कुठलं कशाला

नमस्कार मंडळी. मशीनवर बसायच्या आधी जे काम कागदावर होतं ना, त्याबद्दल आज बोलायचंय, म्हणजे पेपर पॅटर्न, कपड्याच्या भागांचे कागदी नमुने, काढताना जी अवजारं लागतात ती आणि त्यातलं कुठलं कशासाठी. शिवण शिकायला लागलं की लोक आधी मशीन कुठली घेऊ ते विचारतात, मोटर, पिको, इंटरलॉक सगळी चौकशी होते, आणि ड्राफ्टिंगसाठी मात्र घरात पडलेली शाळेची फूटपट्टी आणि बोथट पेन्सिल. मग ब्लाउज खांद्यावरून उतरतो नाहीतर बाही मुंढ्यात, म्हणजे ती जोडायच्या गोलात, बसत नाही आणि दोष जातो शिलाईला. अहो, शिलाई बिचारी कागदावर जे काढलं तेच शिवते!

कागदावरची कुठलीही रेघ एकटी नसते हे आधी ध्यानात घ्या. पुढचा खांदा मागच्या खांद्याला शिवला जाणारे, बाहीचा वरचा गोल मुंढ्याला, कॉलर गळ्याला. म्हणजे रेघ दिसायला छान आली एवढ्यावर भागत नाही, ती जिच्याशी जोडली जाणारे तिच्याशी जुळली पाहिजे, लांबीने पण आणि कोनाने पण. अवजारं सगळी त्यासाठीच आहेत. कुठलंही नवीन अवजार हातात आलं की मी एवढंच विचारते, की बाई तू मला दोन रेघा जुळवायला काय मदत करणारेस.

सुरुवात टेपपासून. हाताशी टेप असेल तर आत्ताच घ्या, मी थांबते. साधारण 60 इंच म्हणजे 150 सेंटिमीटरच्या आसपासचा असतो. फायबरग्लासचा घ्या, कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो आणि तो ताणलाय हे डोळ्यांना कळत नाही. स्टीलच्या पट्टीला लावून बघा, 12 इंचाला 12 इंच येतात का, आणि टोकाच्या पत्रीपाशी सुरुवातीचा इंच नीट भरतोय का, कारण तिथेच टेप जास्त झिजतो. आता एवढं काटेकोर कशाला असं वाटेल, तर हिशोब करा. आपण बॉडी काढतो ती चौथ्या भागाची, एका बाजूला एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग चुकला, तर चार भाग जोडल्यावर तोच फरक अर्धा इंच होतो. अर्ध्या इंचात फिटिंगचा ब्लाउज लागतो तरी नाहीतर लोंबतो तरी.

टेपचं अजून एक काम आहे जे फार कमी जण करतात आणि मला तर ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टेप आडवा न ठेवता त्याच्या कडेवर उभा करा, आणि गोल रेघेवरून तसाच उभा चालवत न्या. मुंढ्याची रेघ अशीच मोजायची, सरळ पट्टीने तुकडे तुकडे मोजून बेरीज केली तर ती नेहमी कमी भरते. पुढचा मुंढा मोजा, मागचा मोजा, दोन्हीची बेरीज लिहून ठेवा, मग बाहीचा वरचा गोल तसाच उभ्या टेपने मोजा. साध्या विणलेल्या कापडाच्या फिटिंगच्या बाहीला हा गोल मुंढ्यापेक्षा साधारण अर्धा ते एक इंच जास्त असतो, ती ढिलाई खांद्याच्या गोलाईवर जिरवायची असते. दोन इंच जास्त निघाला तर चुण्या पडणारच, आणि कमी निघाला तर हात वर करताना ओढ बसणार. हे कागदावरच कळतं हो, कापड कापायच्या आधी.

आता एल स्केल, म्हणजे टेलर स्क्वेअर. लांब बाजू बहुतेक वेळा 24 इंच आणि आखूड बाजू 14 इंच. काटकोन काढणं हे तिचं पहिलं काम आणि ते वाटतं त्यापेक्षा फार मोठं आहे, कारण छातीची रेघ, कंबरेची रेघ, सीटची रेघ या सगळ्या मधल्या उभ्या रेघेला काटकोनात नसल्या तर पुढचं सगळंच तिरकं होतं. तुमची स्केल खरंच काटकोनात आहे का ते तपासायचं असेल तर एका बाजूवर 6 इंचाला खूण करा, दुसऱ्या बाजूवर 8 इंचाला, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर मोजा, बरोब्बर 10 इंच आलं तर स्केल खरी. लाकडी स्केल ओलीने वाकते म्हणून अधूनमधून हे करत जा. दुसरं काम भागाकाराचं. तिच्यावर पाव, सहावा, आठवा, बारावा असे भाग छापलेले असतात, म्हणजे छातीच्या मापाचा बारावा भाग गळ्याच्या रुंदीला घ्यायचा असेल तर कॅल्क्युलेटर शोधत बसायला नको, त्या भागाच्या कडेवर आपल्या मापाचा आकडा बघायचा आणि तिथे टिंब द्यायचं.

आणि काटकोनाची एक जागा जिथे सगळे घाई करतात ती म्हणजे गळ्याचा मध्य. कागद घडीवर असतो, आपण खांद्यापासून मस्त गोल आणतो आणि घडीवर तिरका टेकवतो, उघडल्यावर मध्यभागी टोक आलेलं असतं, खाली नाहीतर वर. ते टाळायला घडीपासून पाव ते अर्धा इंच रेघ घडीला काटकोनात सरळ ठेवायची आणि मगच वळवायला घ्यायची. खांद्यापाशीही तसंच, पुढचा आणि मागचा खांदा कागदावर एकमेकाला लावून ठेवा आणि गळ्याची रेघ तिथून सलग जातेय का बघा. बाही मुंढ्याला लागते तिथे काखेत पण हेच.

गोल रेघांसाठी फ्रेंच कर्व्ह. हा आकार वेगवेगळ्या गोलाईंचा बनलेला असतो, एका टोकाला घट्ट वळण आणि पुढे हळूहळू सपाट होत जाणारी कड. नवीन माणूस काय करतो तर कर्व्ह कागदावर ठेवतो आणि त्याच्या कडेने पेन्सिल फिरवतो, मग जो आकार येईल तो मुंढा. उलट करा. आधी तुमची टिंबं द्या, खांद्याचं टोक, मधलं एक आणि काखेतलं, मग कर्व्ह फिरवत, सरकवत, गरज पडली तर उलटा करत बघा की कुठला तुकडा त्या तिन्ही टिंबांना धरून जातो. घट्ट वळण काखेकडे आणि सपाट भाग खांद्याकडे. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जरा जास्त आत खोदलेला असतो कारण हात पुढे येतात, त्यामुळे दोन्हीला कर्व्हचा एकच तुकडा लावून चालत नाही. एका वेळी जमलं नाही तर दोन तुकड्यांत काढा, फक्त जोडावर गाठ दिसता कामा नये. डोळा कागदाच्या पातळीवर आणून रेघेच्या कडेने बघा, उंचवटा लगेच कळतो.

हिप कर्व्ह म्हणजे लांब, हलक्या वळणाची पट्टी, कंबरेपासून सीटपर्यंतची बाजू, स्कर्टचा घेर, पँटच्या आतल्या बाजूची रेघ याला ती लागते, फ्रेंच कर्व्हने हे काढायला गेलं तर कुल्ल्यावर फुगा येतो. घेरदार स्कर्टला मोठा कंपास नाहीतर टेप आणि पेन्सिल पुरतात. पूर्ण गोल स्कर्ट असेल तर कंबरेला 6.28 ने भागायचं, 28 कंबरेला जवळपास साडेचार इंच त्रिज्या येते, मार्जिन म्हणजे शिलाईसाठी सोडायचं जास्तीचं कापड वेगळं. आणि पारदर्शक पट्टी एक घ्याच, चौकटी छापलेली. मार्जिनची समांतर रेघ तिच्यासारखी दुसऱ्या कशाने निघत नाही, खालची रेघ दिसत राहते ना.

ट्रेसिंग व्हीलवर जरा थांबते, हे माझं लाडकं अवजार आहे. टोकदार सुयांचं व्हील कागदावरून कागदावर उतरवायला, दातेरी व्हील कार्बनबरोबर कापडावर खुणा उतरवायला, नाजूक कापडाला मात्र दात नसलेलं गुळगुळीत. खाली जाड पुठ्ठा किंवा कॉर्क ठेवा म्हणजे टिंबं नीट उमटतात आणि टेबल वाचतं. आता टक्सचं बघा, टक्स म्हणजे फिटिंगसाठी कापड चिमटून शिवलेली निमुळती घडी. कंबरेला टक्स आहे, त्या दोन पायांच्या मध्ये कंबरेची रेघ सरळ काढून कापलं तर टक्स शिवल्यावर तिथे कापड अपुरं पडतं आणि शिलाईत धरलं जात नाही. म्हणून काय करायचं, कागद कापायच्या आधी टक्स शिवल्यासारखा घडी घालून बंद करायचा, ज्या बाजूला दाबणार त्या बाजूला दाबायचा, आणि बंद टक्सवरूनच कंबरेच्या रेघेवर व्हील फिरवायचं, जोर देऊन. उघडलं की टिंबांनी आखलेली छोटी चोच दिसते. ती टिंबं पेन्सिलने जोडायची आणि तिथून कापायचं. पहिल्यांदा हे बघितलं की लोक हरखून जातात, आणि हरखण्यासारखंच आहे ते!

नॉचर कागदाच्या कडेला अरुंद खाच मारतो. बाहीला पुढे एक खाच, मागे दोन अशी पद्धत आहे, त्यामुळे डावी उजवी बाही अदलाबदल होत नाही. टोचा टक्सच्या टोकासाठी, पण भोक टोकावर नाही, टोकाच्या अर्धा इंच आत, नाहीतर कापडावरचं भोक शिलाईच्या बाहेर पडून दिसत राहतं. या खाचा आणि भोकं म्हणजे पॅटर्नची भाषाच आहे. 1863 मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या टेलरने वेगवेगळ्या साइझचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली, आणि त्या काळच्या पातळ कागदाच्या पॅटर्नवर रेघा, सूचना काही छापलेलं नसायचं, नुसत्या खाचा आणि टोचलेली भोकं, तरी घरोघरी बायकांनी त्यावरून कपडे शिवले. तुमच्या पॅटर्नवर तर लिहायला पेन्सिल आहे, मग लिहा. भागाचं नाव, साइझ, किती काप, घडी कुठे, मार्जिन धरलंय का नाही आणि उभ्या धाग्याची रेघ. ही शेवटची रेघ राहून गेली तर बाकी सगळं बरोबर असूनही कपडा धुतल्यावर अंगाभोवती फिरतो, कारण तो भाग नकळत उरेबकडे, म्हणजे तिरक्या बाजूला, झुकवून कापला गेला.

कात्र्या दोन ठेवा, कागदाची वेगळी आणि कापडाची वेगळी, यावर मी वाद घालत नाही, कागद कापडाच्या कात्रीची धार घालवतो एवढंच सांगते. कापडाच्या कात्रीची मूठ वाकडी असते ती खालचं पातं टेबलावर टेकून चालावं म्हणून, कापड उचललं जात नाही. पॅटर्न कापडावर धरायला टाचण्यांपेक्षा वजनं बरी, कागद सुरकुतत नाही आणि सुळसुळीत कापडावर भोकं पडत नाहीत.

कागद कुठला, तर पहिल्या ड्राफ्टला ब्राउन पेपर चालतो, पण तोच पॅटर्न परत परत वापरायचा असेल तर फायनल झाल्यावर जाड कार्डशीटवर उतरवा, कड झिजत नाही. आणि फायनल म्हणजे मांजरपाटावर एकदा कच्चं शिवून अंगावर बघितल्यावर. तिथे खांदा पाव इंच घ्यावासा वाटला तर मांजरपाटावर पेनाने खूण करा, मग ती खूण व्हीलने कागदावर आणा, आणि खांदा हलला म्हणजे मुंढाही हलला, तेव्हा टेप परत कडेवर उभा करा आणि बाहीचा गोल पुन्हा मोजून घ्या.