स्वाती सरकली कुठे?

(दृश्य: उन्हाळी रात्र, धाब्याच्या घरांची ओळ. वर आकाश.)

मे महिन्यात खान्देशात घरात कोण झोपतं? दिवसा पारा चाळिशीपार, भिंती रात्रीही तापलेल्या. अंथरूण धाब्यावर. दहा-अकराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर जो ठळक नारिंगी तारा येतो, ती स्वाती.

(दृश्य: पाटणादेवीचा शिलालेख, अक्षरं जवळून.)

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा हा शिलालेख १२०७ सालचा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं इथे मठ काढला, असं त्यात कोरलंय. त्या मठातून दिसणारी स्वाती आज तिथल्या तिथे नाही. तेव्हापासून ती पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतकी सरकलीय. आठशे वर्षांत एवढंच, पण सरकलीय. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीनं १७१८ साली ग्रीकांच्या जुन्या नोंदींशी ताडून तारे असे हलतात हे दाखवलं.

आकाशगंगा फिरते कशी, हे याच सरकण्यातून कळतं. तिचा आकार ओळखणं त्याहून अवघड, कारण आपण तिच्या आतच आहोत. रावेरकडच्या केळीच्या बागेत मधोमध उभं राहून बाग चौकोनी की लांबट, सांगा बरं! एकेक खोड किती लांब ते मोजत जाण्यावाचून इलाज नाही.

मोजायला पृथ्वीची फेरी कामी येते. सहा महिन्यांत आपण सूर्याच्या पलीकडे, ३० कोटी किलोमीटरवर पोचतो. जवळचा तारा तेवढ्यानं मागच्या ताऱ्यांपुढे किंचित हललेला दिसतो. तो कोन मिळाला की अंतर मिळालं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं १८३८ साली हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर असंच काढलं.

(दृश्य: गाया यानाचं ॲनिमेशन.)

युरोपचं गाया यान १९ डिसेंबर २०१३ला उडालं. दोन दुर्बिणी, सहा तासांत स्वतःभोवती एक गिरकी, आणि जवळपास दोन अब्ज तारे टिपले. गंमत म्हणजे स्वातीएवढा ठळक तारा त्याला झेपत नाही. तिचं अंतर, सुमारे ३७ प्रकाशवर्षं, आधीच्या हिप्पार्कस उपग्रहानं मोजलेलं.

मापं जुळवल्यावर जे निघालं ते चक्रावून टाकणारं आहे. आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांची तबकडी, पण ती सपाट नाही, कडेला मुरडलेली आहे. सूर्याजवळचेच काही तारे भलत्याच वाटांनी धावतात. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेनं गिळलेल्या एका दीर्घिकेचे, म्हणजे दुसऱ्या एका आकाशगंगेचे ते. शिवाय तबकडीतले तारे अजून वरखाली हेलकावतायत. कुणीतरी धक्का दिलाय, आणि संशय आहे धनु राशीतल्या एका बटू दीर्घिकेवर. माझ्या मते गायाची सगळ्यात मोठी कमाई हीच.

गायानं १५ जानेवारी २०२५ला निरीक्षणं थांबवली. साडेपाच वर्षांच्या मापांचा पुढचा संच डिसेंबर २०२६मध्ये यायचा आहे.