शेतकऱ्याने नाकारलेला ट्रॅक्टर

मंडळी, लासलगावला कांद्याची ट्रॉली लिलावात उभी राहिली की भाव कशावर ठरतो, हे नाशिककरांना मी सांगायला नको. शौकिनांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या लिलावात मात्र 'हा काम किती करेल?' असं सहसा कोणी विचारत नाही; तिथे बघतात, तो किती दुर्मिळ आहे.

२०२२ साली अमेरिकेत 'केस' या ट्रॅक्टर कंपनीचा १९१३ चा '३०-६०' ट्रॅक्टर १४ लाख ७० हजार डॉलरला गेला. त्या वेळच्या दराने ११ कोटींच्या वर! यातले ३० म्हणजे ओढण्याची अश्वशक्ती आणि ६० म्हणजे पट्टा लावून मळणीयंत्र फिरवण्याची. दिंडोरीच्या द्राक्षबागेत हे धूड दोन ओळींमध्ये शिरणार नाहीच, वळवायलाही शेजाऱ्याचा बांध मोडावा लागेल. पडीक माळरान फोडायला असे अजस्र ट्रॅक्टर बनले, मग हलके, स्वस्त ट्रॅक्टर आले आणि हे गोठ्यामागे पडले. दुसऱ्या महायुद्धात लोखंड गोळा करण्याची मोहीम निघाली, तेव्हा असे कितीतरी भट्टीत गेले. उरले ते बोटांवर मोजण्याइतके.

आता फोर्ड ८ एन बघा. १९४७ ते १९५२ या काळात ५ लाखांहून जास्त बनले. त्यात संशोधक हॅरी फर्ग्युसनची हायड्रॉलिक लिफ्ट, तीन ठिकाणी औजार जोडायची सोय, म्हणजे आज तुमचा रोटाव्हेटर ज्यावर चालतो तीच पद्धत. त्यावरून फर्ग्युसन आणि फोर्ड कोर्टातही गेले. १९५२ मध्ये सुमारे साडेब्याण्णव लाख डॉलर देऊन फोर्डने तडजोड केली. इतका गुणी ट्रॅक्टर, पण आज चालू स्थितीतला दोन-तीन हजार डॉलरला मिळतो. शेतकऱ्यांनी तो जपला, सुटे भाग अजून मिळतात, मग दुर्मिळ कुठून होणार?

माझा आवडता मिनियापोलिस-मोलाइन या अमेरिकी कंपनीचा यूडीएलएक्स. १९३८ सालचा, बंद केबिन, आत हीटर, रेडिओ. दिवसा नांगरा आणि संध्याकाळी त्यातच बसून गावात जा, अशी कल्पना. शेतकऱ्यांनी किंमत ऐकली आणि पाठ फिरवली. जेमतेम दीडशे बनले. आज तोच लाख डॉलरच्या पुढे जातो. संग्राहक पैसे मोजतात ते बहुधा कंपनीच्या फसलेल्या डावाला.

चिठ्ठी आली आहे की, वडिलांचा एचएमटी २५११ ट्रॅक्टर आहे, किंमत काय येईल? झेटर या चेक कंपनीच्या तंत्रावर हरियाणातल्या पिंजोरला १९७१ पासून निघालेला हा ट्रॅक्टर. खरं सांगतो, आपल्याकडे घेणारा आधी टायर बघेल, इंजिनाचं काम कधी झालं विचारेल, आरसीवर बँकेचा बोजा आहे का तपासेल. ते जमलं नाही तर भंगारवाला किलोवर घेईल. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, पण ती दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. त्यामुळे इथे शौकिनांचा बाजार उभा राहायला वेळ लागेल.

तरी ठेवायचाच असेल, तर चकचकीत रंग मारू नका. मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही. चेसिस नंबरची पट्टी वेल्डिंगवाल्याच्या हाताला लागू देऊ नका, आणि खरेदीची पावती सापडली तर ती उन्हापासून, वाळवीपासून सांभाळा.