जुना फोन विकायच्या आधीचा एक तास

(टेबलावर जुना फोन, शेजारी बॉक्स, बिल आणि सिमची पिन. थेट कॅमेऱ्याकडे बघून.)

नमस्कार. बुधवार पेठेत जुन्या फोनच्या काउंटरवर मी सहा वर्षं बसलो. तिथं सगळ्यात जीवावर यायचं ते एकच काम, चांगला फोन निव्वळ तयारी नाही म्हणून परत पाठवायचं.

एकदा एक आजोबा आले. फोन लख्ख, कव्हरमध्ये जपून वापरलेला, बॉक्स आणि बिल सोबत. म्हणाले, "नातवानं सगळं पुसून दिलंय, तुम्ही फक्त भाव सांगा." मी फोन चालू केला, तर स्क्रीनवर आलं, आधीच्या खात्याचा पासवर्ड टाका. नातू बंगळूरूला परत गेलेला, आणि आजोबांना कुठलं खातं होतं तेच आठवेना. नातवानं फोन बंद करून बाजूची बटणं दाबून रीसेट मारला होता. आतला डेटा गेला, पण खात्याचं कुलूप तसंच राहिलं. अशा फोनला धंद्यात 'लॉक पीस' म्हणतात. दुकानदार मग त्याचा डिस्प्ले आणि कॅमेरा मोजतो, फोनची किंमत लावतच नाही.

मी म्हणालो, "आजोबा, आज विकू नका. घरी जाऊन नातवाला फोन लावा, आणि पासवर्ड मिळाला की या." दोन दिवसांनी आले आणि पूर्ण भाव घेऊन गेले. मधे फोनमध्ये काहीच बदललं नव्हतं, एक कुलूप तेवढं निघालं होतं.

म्हणून आज मी तुमच्याकडून एक तास मागतोय. दुकानात जायच्या आधीचा, घरातला. त्या तासात कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, याला फार महत्त्व आहे.

(फोन हातात घेऊन.)

पहिल्यांदा फोन परक्याच्या नजरेनं बघा. कव्हर काढा, टेम्पर ग्लास काढा. हो, काढाच. ग्लासखाली तडा आहे की ग्लासलाच आहे, हे तुम्हाला आधी कळलेलं बरं. ब्राइटनेस पूर्ण करून एक पांढरा फोटो उघडा. पिवळट डाग, हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ, कीबोर्डची पुसट सावली, सगळं पांढऱ्यावर दिसतं. मग काळा फोटो. फोन मुळात ओलेड स्क्रीनचा असेल, तर काळा रंग विझल्यासारखा काळा दिसतो. तो राखाडी दिसत असेल, तर कधीतरी दुरुस्तीत स्वस्तातला एलसीडी बसवला गेलाय. बोटाचा सेन्सर स्क्रीनखाली असलेल्या फोनमध्ये आणखी एक खूण मिळते, डिस्प्ले कॉपी, म्हणजे नकली असेल तर तो सेन्सर बहुधा चालत नाही. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथं बदललेल्या पार्टची नोंद दिसते. काउंटरवरचा माणूस सगळ्यात आधी तेच उघडतो, त्यामुळे ते तुम्हाला त्याच्या तोंडून कळू नये.

याच कारणासाठी माझा एक आग्रह आहे. विकायचा म्हणून कॉपी डिस्प्ले टाकू नका. तडा गेलेला ओरिजिनल डिस्प्ले हा उघड दोष असतो, त्याचा भाव ठरलेला असतो. कॉपी डिस्प्ले दिसला की पीस खोललेला आहे हे कळतं, आणि मग आत अजून काय केलं असेल या शंकेचेही पैसे कापले जातात. तुमचा दुरुस्तीचा खर्च गेला तो गेलाच.

चार्जिंगचं मात्र उलटं. "चार्जिंग लूज आहे" म्हणून लोक भाव पाडून घेतात, आणि कित्येकदा पोर्टमध्ये फक्त खिशातली लव दाबून बसलेली असते. फोन बंद करा, लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं ती काढा. धातूची पिन घालू नका, आतले बारीक कॉन्टॅक्ट वाकतात. मी असे कितीतरी फोन दोन मिनिटांत ठीक करून लोकांच्या हातात परत दिलेत.

सिमचा ट्रे बाहेर काढून खाचेत टॉर्च मारा. आयफोनमध्ये आत पाण्याची एक छोटी पट्टी असते. ती पांढरी असते, पाणी लागलं की लाल होते. लाल असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा. पावसाळ्यात भिजलेला फोन महिनोन्‌महिने चालतो आणि मग एके दिवशी बोर्ड जातो. तेव्हा तो माणूस तुमच्याच नावानं बोटं मोडणार.

बॅटरीबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. ॲपलच्या हिशेबाने आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलची बॅटरी ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर (एकूण शंभर टक्के चार्ज वापरला की एक सायकल) मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी, १५ पासून पुढे हाच हिशेब १००० सायकलचा आहे. म्हणून दोन-तीन वर्षांच्या फोनला ८४ टक्के दिसले तर लाजायचं कारण नाही. ते झिजणं रीतसर आहे. आणि मागचं कव्हर उचललं गेलंय, स्क्रीनच्या कडेला फट पडलीये, टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगतोय, असं दिसलं तर बॅटरी फुगलीये. तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, कुरिअरनं तर अजिबात पाठवू नका. सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.

(स्क्रीनवर: *#०६#)

आता कागदोपत्री ओळख. हा नंबर डायल केला की आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो, १५ आकडी. दोन सिमच्या फोनला दोन. बिलावरचा, बॉक्सवरचा आणि हा, तिन्ही जुळले पाहिजेत. तुम्ही विकत घेणार असाल तर इथं आणखी एक पाऊल पुढं जा. केवायएम (KYM) लिहून, एक जागा सोडून, आयएमईआय टाका आणि १४४२२ वर मेसेज पाठवा. इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं ते स्क्रीनवर दिसतंय. हीच सोय सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही आहे. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं, तर तो फोन कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

(फोन खाली ठेवून.)

आता नाजूक भाग. माझ्या काकूनं फोन द्यायच्या आधी बसून एकेक नंबर आणि एकेक फोटो हातानं डिलीट केला. संध्याकाळी बघते तर नव्या फोनमधूनही सगळं गायब. जुना फोन अजून त्याच खात्याला जोडलेला होता, त्यामुळे इथं पुसलेलं तिथंही पुसलं गेलं. बरेचसे फोटो ट्रॅशमधून परत मिळाले, पण ती रात्र आम्ही सगळ्यांनी जागून काढली. तेव्हा हातानं काहीच पुसू नका.

आधी बॅकअप घ्या, आणि नवा फोन पूर्ण चालता करा. व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पा आल्या का, डिजिलॉकर उघडतंय का, बघा. यूपीआय नव्या फोनवर सुरू करून घरातल्या कुणाला तरी एक रुपया पाठवा. ऑथेंटिकेटरचे, म्हणजे लॉगिनचे कोड देणाऱ्या ॲपचे, कोड नव्या फोनवर हलवा. हे बहुतेक जण विसरतात, आणि जुना फोन पुसल्यावर मग ऑफिसच्या मेलचं दार बंद होतं. ई-सिम असेल तर तेही आधी हलवा. घड्याळ जोडलेलं असेल तर सोडवा.

इथं तो एक तास मधेच थांबवा, आणि दोन-तीन दिवस दोन्ही फोन जवळ ठेवा. काहीतरी राहिलेलं आठवतंच.

मग जुन्या फोनमधून खाती काढा. ॲन्ड्रॉइडमध्ये गुगलचं खातं, सॅमसंग असेल तर सॅमसंगचंही. आयफोनमध्ये साइन आउट करा, म्हणजे 'फाइंड माय', हरवलेला फोन शोधायची सोय, बंद होते. त्यानंतर रीसेट, आणि तोही सेटिंग्जमधून, बटणं दाबून नाही. लोक विचारतात, रीसेटनंतर दुकानदार फोटो परत काढेल का? गेल्या काही वर्षांतल्या फोनमध्ये डेटा मुळातच एन्क्रिप्ट केलेला असतो, आणि रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. उरतं ते न वाचता येणारं भुस्काट. लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कला हे लागू नाही. तिथं विंडोजच्या रीसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून सेटिंग बदला आणि 'क्लीन डेटा' चालू करा. काही तास लागतात, रात्री लावून झोपा.

फोन देऊन टाकलाय आणि खातं काढायचं राहिलंय? आयफोन असेल तर आयक्लाउडच्या वेबसाइटवरून तो दुरूनच पुसून खात्यातून काढता येतो. घेणाऱ्याचा फोन आला तर टाळू नका. पाच मिनिटं लागतात, आणि त्याचे पैसे अडकलेले असतात.

(एक कागद दाखवत.)

शेवटी हा कागद. मॉडेल, आयएमईआय, रक्कम, तारीख आणि वेळ, दोघांची नावं आणि सह्या. उद्या त्या फोनवरून कुणी काही भानगड केली, तर पोलीस आयएमईआयवरून माग काढत पहिल्या बिलापर्यंत, म्हणजे तुमच्यापर्यंत येऊ शकतात. तेव्हा हा कागदच तुमच्या बाजूनं बोलतो. दुकानदार आधारची प्रत मागतो. त्याला मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि प्रतीवर आडवं लिहा, 'फक्त अमुक फोनच्या विक्रीसाठी', खाली तारीख.

फोन हातात देण्याआधी त्याच्यासमोर चालू करा. भाषा निवडायचा पहिला पडदा आला पाहिजे. मग वायफाय जोडून दोन पडदे पुढे जा. कुठंही जुना पासवर्ड मागितला नाही, की फोन बंद करा, सिमचा ट्रे रिकामा आहे हे एकदा उघडून दाखवा, मेमरी कार्ड काढलंय का बघा, आणि मग पैसे मोजून घ्या.