परभाषेतला सिनेमा आणि आपला प्रेक्षक

नमस्कार श्रोतेहो.

"मला इंग्रजी धड वाचता येत नाही. मग तो इराणी नाहीतर जपानी सिनेमा बघायला येऊन मी करू काय?" गावात फिल्म सोसायटी, म्हणजे सभासदांना जगभरातले निवडक सिनेमे दाखवणारी संस्था, चालवणाऱ्या प्रत्येकानं हा प्रश्न ऐकलेला असतो. विचारणारी माणसं सिनेमाची वेडी असतात. पडद्यावर खाली बोलण्याच्या भाषांतराची इंग्रजी अक्षरं, म्हणजे सबटायटल, धावणार म्हटलं, की दारातूनच मागं फिरतात. आज मला बोलायचंय ते त्यांच्याशी, आणि त्यांना आत बोलावण्याची जबाबदारी ज्यांची आहे त्या आम्हा सोसायटीवाल्यांशी.

भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 24 जानेवारी 1952 रोजी आपल्या मुंबईत सुरू झाला. नंतर तो मद्रास, दिल्ली, कलकत्त्यालाही गेला. व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्हज' आणि अकिरा कुरोसावांचा 'राशोमोन' इथल्या प्रेक्षकांनी तेव्हा पाहिले. ना इटालियन येत होतं, ना जपानी. पण सायकल चोरीला गेलेला बाप आणि त्याच्यामागं चालणारा त्याचा लहान मुलगा लोकांना कळले. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला, त्यातही शहरात वणवणणारे बाप-लेक आहेत.

असे सिनेमे एरवी थिएटरात लागत नसत, म्हणून फिल्म सोसायट्या निघाल्या. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी 1947 साली कलकत्त्यात सोसायटी काढली. 1959 मध्ये देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला, राय त्याचे अध्यक्ष. आणि संयुक्त सचिवांमध्ये एक मराठी नाव होतं, विजया मुळे. मुंबईत जन्मलेल्या या बाई लग्नानंतर पाटण्याला गेल्या. इंग्लंडमध्ये लीड्सला शिकत असताना त्यांनी फिल्म सोसायटी कशी चालते ते जवळून बघितलं आणि परत आल्यावर पाटण्यात, पुढं दिल्लीत त्याच कामाला लागल्या. दूरदर्शनवर 'एक चिडिया, अनेक चिडियाँ' हे गाणं ऐकत जी पिढी वाढली, तिला ठाऊक नसेल, पण ते गाणं ज्या लघुपटातलं, तो यांचाच. आपल्याकडं या बाईंचं नाव फार कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी सुरू झाली. तिचं मोठं काम माझ्या मते हे, की जगातल्या सिनेमाबद्दल तिथं मराठीत बोललं आणि लिहिलं गेलं. सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक चालवलं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी जमवलेला खजिना होता, शेजारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे सतीश बहादूर होते. त्यातून रसास्वादाची, म्हणजे सिनेमा कसा बघावा हे शिकवणारी, शिबिरं उभी राहिली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या नावाची सोसायटी आहे. म्हणजे वाट आपल्याकडं कधीचीच पडलेली आहे. ती तालुक्याच्या गावापर्यंत न्यायची तर अडतं कुठं? पडद्यावरच्या सबटायटलच्या त्या दोन ओळींशी.

एक सिनेमा घेऊन सांगतो. अब्बास किआरोस्तामी यांचा 1987 सालचा इराणी सिनेमा, 'मित्राचं घर कुठं आहे?' खेड्यातली शाळा. एका मुलानं गृहपाठ वहीत न करता सुट्या कागदावर केलाय. मास्तर त्याला सगळ्या वर्गासमोर झापतात. पुन्हा असं केलंस तर शाळेतून काढून टाकीन. मुलगा रडतो. शेजारी बसलेला अहमद घरी जाऊन पिशवी उघडतो, तर मित्राची वही चुकून आपल्याकडंच आलेली. वही दिली नाही तर उद्या मित्राचं काही खरं नाही.

आता अंगणातला प्रसंग ऐका. आई कपड्यांच्या कामात, बाळाची किरकिर. अहमद म्हणतो, वही द्यायला जायचंय. आई म्हणते, आधी गृहपाठ कर. तो पुन्हा सांगतो, ती पुन्हा तेच सांगते. मध्येच बाळाकडं बघायला लावते, पाव आणायचाय म्हणून आठवण देते. मुलगा दोन्ही वह्या हातात धरून दाखवतो, की बघ, दोन्ही सारख्याच दिसतात. आई ऐकते, पण तिच्या कानात काही शिरत नाही. हा प्रसंग मी आमच्या सोसायटीत दाखवला तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी खालची एकही ओळ वाचली नव्हती. "अगं, जाऊ दे की त्याला!" असं त्या पडद्याकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या.

पण याच सिनेमात अहमदचे आजोबा आहेत. सिगारेट जवळ असूनही ते नातवाला सिगारेट आणायला पिटाळतात, कारण पोराला शिस्त लागली पाहिजे. मग ते सांगतात, की आपले वडील दर आठवड्याला एक नाणं आणि दर पंधरवड्याला मार देत. नाणं द्यायचं कधी कधी विसरत, मार द्यायचा मात्र कधीच विसरले नाहीत. इथं ज्यांना इंग्रजी येत होतं ते हसले. बाकीचे इकडंतिकडं बघत राहिले. एकाच हॉलमध्ये असे दोन तट पडलेले मला अजिबात बघवत नाहीत. आजीबाईंना अंगण कळलं, पण आजोबा त्यांच्यापर्यंत पोचायला हवे होते, आणि ते पोचवणं हे आमचं काम.

म्हणून सोसायटीवाल्यांना माझा आग्रह आहे, की प्रत्येक परदेशी सिनेमाबरोबर मराठीत एक पानाचं पत्रक द्या. दिग्दर्शकाला मिळालेल्या पुरस्कारांची यादी त्यात नको. माणसं कोण, एकमेकांची कोण लागतात, गाव कुठलं, काळ कोणता, आणि बोलण्यावरच उभे असलेले चार-पाच प्रसंग, एवढं पुरे. शेवट फोडायचा नाही. ज्यांना वाचायचा कंटाळा किंवा डोळ्यांचा त्रास, त्यांच्यासाठी तेच पाच मिनिटांत तोंडी सांगा. सिनेमा चालू असताना माइकवरून भाषांतर मात्र करू नका. फारसी बोलण्याला स्वतःची लय आहे, वाऱ्याचा आणि पावलांचा आवाज आहे, त्यावर आपला आवाज चढवला की सिनेमा मेला.

त्याच्याही पुढं जायचं तर मराठी सबटायटल करता येतात. हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांची प्रदर्शनाची परवानगी घेतानाच याचीही परवानगी मागावी. बोलक्या सिनेमात हजाराच्या आसपास ओळी भरतात. भाषेची आवड असलेली महाविद्यालयातली मुलं हे काम उत्तम करतील. एका वेळी जास्तीत जास्त दोनच ओळी, त्याही काही सेकंदच टिकणार, त्यामुळं वाक्य छोटं आणि तोंडात बसणारं हवं. पुस्तकी मराठीला तिथं जागाच नाही.

आणखी एक गोष्ट, क्षुल्लक वाटेल पण फार महत्त्वाची. शाळेच्या हॉलची जमीन सपाट असते. पडदा खाली लावला की तिसऱ्या रांगेपासून मागच्यांना समोरच्यांची डोकी दिसतात आणि सबटायटल नेमकी त्या डोक्यांमागं जातात. पडद्याची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर हवी. आधी खुर्चीत बसून स्वतः बघा, मग पडदा बांधा. सिनेमाच्या रिळांच्या जुन्या प्रिंटवर पांढरी अक्षरं कोरलेली असत, ती बर्फाच्या किंवा पांढऱ्या भिंतीच्या दृश्यात विरून जात. निदान तो त्रास आता उरलेला नाही.

आणि प्रेक्षकहो, तुम्ही सुरुवात कशानं कराल? जिथं सोसायटी नवी आहे तिथं मी आल्बेर लामोरिस यांचा 'द रेड बलून' सुचवतो. 1956 सालचा फ्रेंच सिनेमा, 34 मिनिटांचा, त्यात बोलणं जवळजवळ नाहीच. पॅरिसच्या गल्ल्यांतून एक लाल फुगा एका मुलाच्या मागं मागं फिरतो, थेट शाळेपर्यंत येतो. पाच वर्षांच्या मुलापासून सत्तरीतल्या आजोबांपर्यंत कुणालाही घेऊन जा. पुढच्या महिन्यात तो इराणी सिनेमा दाखवा, आजोबांच्या त्या बोलण्याचं मराठी पत्रकात देऊन. सोसायटीत तिकीट नसतं, वर्षाची वर्गणी असते. तेव्हा जवळपास सोसायटी असेल तर सभासद व्हा, आणि पत्रक मराठीत मिळालं नाही तर ते हक्कानं मागा.

नमस्कार.