गोणी ओता आणि वाचा

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनो, सकाळी झाडू घ्यायचा, गोण्या भरून गेटपाशी लावायच्या, फोटो काढायचा, चहा घ्यायचा. वर्षभरात सेवेचे १२० तास भरायचे, त्यातले दोन-तीन तास झाले. परिसर स्वच्छ होतो, हे खरंच. शिक्षण मात्र गोणी पुन्हा जमिनीवर ओतली की सुरू होतं.

आपल्या विदर्भाचे गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्नावर प्रश्न विचारत. आपण झाडू उचलला, प्रश्न तेवढे राहून गेले.

तर जुनी चादर अंथरा, हातमोजे घाला आणि निवडायला बसा. नागपूरच्या कॉलेजात पहिला ढीग कशाचा होणार, तुम्हाला ठाऊक आहे. खर्र्याच्या प्लॅस्टिक पन्न्यांचा! सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटायचा, पन्नीतच बांधून द्यायचा. तोंडात टाकला की पन्नी पायाखाली. इतकी पातळ, मातीने माखलेली पन्नी कबाडीवाला घेत नाही. दुसरा ढीग वेफर्सच्या पाकिटांचा. आतून ती चकाकतात, कारण प्लॅस्टिकला ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो. हे थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून त्यांनाही भाव नाही. पाण्याच्या बाटल्या मात्र कमी निघतील, कारण कचरा वेचणाऱ्या बायांनी त्या तुमच्या आधीच नेलेल्या असतात. त्यांच्यापैकी एखाद्या मावशींना मानाने बोलवा, शेजारी बसवा, कशाला काय भाव मिळतो ते विचारा. त्यांच्याइतकं हे आपल्यात कुणालाच कळत नाही.

मग एकेक ढीग हातात घेऊन विचारायला लागा. २००३च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. मग कुंपणालगत एवढ्या पन्न्या आल्या कुठून? टेप घेऊन पानठेल्यापर्यंतचं अंतर मोजा. प्लॅस्टिकचे चमचे, स्ट्रॉ निघाले, तर त्यांच्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कॅन्टीनवाल्या भाऊंना विचारा. पाकिटांवरची कंपन्यांची नावं लिहून काढा. त्यांनी विकलेल्या वेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवरही टाकली आहे.

आणि जे वेचायचं राहिलं, ते पहिल्या पावसात नालीतून नाग नदीत जातं. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दचं धरण आहे. भंडाऱ्याकडच्या ज्या माणसांनी आपलं कॉलेज कधी पाहिलं नाही, त्यांच्या पाण्यात आपली पन्नी पोचते. मला याचा फार त्रास होतो.

यंदा फोटो निवडलेल्या ढिगांचा काढा. प्रत्येक ढिगाचं वजन करा, आकडे नोटीस बोर्डावर लावा आणि तेच घेऊन प्राचार्यांकडे जा: कॅन्टीनमध्ये स्टीलचे ग्लास हवेत, पिण्याच्या पाण्याचे नळ चालू हवेत, गेटबाहेरच्या ठेल्याची तक्रार कॉलेजच्या लेटरहेडवर जायला हवी. महिन्याभराने त्याच जागेवर पुन्हा कचरा गोळा करून तोला. वजन तेवढंच भरलं, तर आकडे घेऊन पुन्हा जा.