मांडीवरचं सूप, जिवाचा घोर

(दृश्य : निपाणी, सकाळ. उंबऱ्याशी बसलेल्या बायका. बोटं जवळून.)

भिजवलेल्या पानावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, कडेनं कात्री फिरवायची. चिमूटभर जर्दा, एक वळसा, दोरा. झाली बिडी. या बोटांकडे आता बघावं लागत नाही. हात कामात असतात आणि डोकं रिकामं. रिकाम्या डोक्याला घोर लागतो. आज किती बिड्या खराब म्हणून छाटीत जाणार? पोरीची फी कुठनं भरायची? आपलं नशीबच फुटकं. हजार बिड्या वळून होईपर्यंत तेच ते, पुन्हा पुन्हा.

समोर साप आला की छाती धडधडते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आधी अ‍ॅड्रेनालिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसॉल. साप बिळात गेला की शरीर निवतं. घोराला बीळ नसतं. छाटीच्या नुसत्या विचारानंही हीच यंत्रणा जागी होते. ती महिनोन्‌महिने जागी राहिली की झोप उडते, मान-खांदे आखडतात, पोट बिघडतं, रक्तदाब वाढू शकतो.

जखमासुद्धा रेंगाळतात. १९९५ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. त्यातल्या १३ जणी घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचं सगळं करत होत्या. त्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. आपल्या घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूचं कोण करतं, ते वेगळं सांगायला नको.

पण ‘चांगले विचार कर, बरी होशील’ असं या बायकांना कुणी सांगितलं, की आम्हाला राग येतो. छातीत जाणारी जर्द्याची धूळ खरी आहे. अपुरी मजुरीही खरी आहे. त्याचा दोष बाईच्या विचारांवर ढकलू नये. छातीत कळ आली तर आधी डॉक्टर गाठावा. ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नये.

घोर मात्र एकटीनं गिळायची गरज नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर मनाच्या त्रासासाठी ‘टेलि-मानस’ ही सरकारची मोफत सेवा आहे. फोन उचलणारं माणूस ऐकून घेतं. त्याआधी शेजारचा उंबरा आहेच.

(दृश्य : दोघी शेजारी शेजारी, मांडीवर सुपं.)

“अक्का, आज गप्पच काय गं?”

अक्का लगेच बोलत नाही. हातातली बिडी पुरी करते, दोरा बांधते, कात्री सुपात ठेवते. मग पोरीच्या फीचं सांगू लागते.