ह्यूस्टन स्टेशनचा कारकून

नमस्कार मंडळी. डब्लिनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांना ह्यूस्टन स्टेशन चांगलंच माहीत असेल. कॉर्कला जायचं असो की लिमरिकला, गाडी इथूनच धरायची. या स्टेशनला नाव आहे ते इथल्याच ऑफिसात काम करणाऱ्या एका रेल्वे कारकुनाचं. शॉन ह्यूस्टन. ब्रिटिशांनी त्याला गोळ्या घातल्या तेव्हा तो अवघा २५ वर्षांचा होता.

शॉन डब्लिनचाच. शाळा संपताच रेल्वेत लागला आणि काही वर्षं लिमरिकला होता. तिथे ऑफिस सुटलं की तो फियाना एरन या राष्ट्रवादी संघटनेतल्या मुलांना कवायत शिकवायचा, आयरिश इतिहास सांगायचा. १९१३ मध्ये डब्लिनला परतला. आईला त्याच्या पगाराचा आधार होता.

मग आला २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. आयर्लंडमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध सशस्त्र उठावाला सुरुवात झाली. लिफी नदीच्या दक्षिण काठावर मेंडिसिटी इन्स्टिट्यूशन नावाची इमारत होती, गोरगरिबांना जेवण देणारी. नदीपलीकडे जरा पश्चिमेला ब्रिटिशांची मोठी छावणी, रॉयल बॅरॅक्स. तिथून निघणारं सैन्य शहरात शिरण्याआधी रोखायचं, म्हणजे बाकीच्या तुकड्यांना मोर्चे बांधायला वेळ मिळेल. उठावाचे एक नेते जेम्स कॉनली यांनी हे काम शॉनला दिलं आणि सांगितलं, तीन-चार तास तग धरा.

तो बुधवारपर्यंत लढला! मंगळवारी थोडी कुमक आली, तरी सगळे मिळून पंचवीस-तीस जणच. बाहेर शेकडो सैनिक. अन्न नाही, झोप नाही, दारूगोळा संपत आलेला. सैनिक इतके जवळ आले की हातबॉम्ब आत पडायला लागले, आणि आतली पोरं ते फुटायच्या आत उचलून परत फेकायला लागली. त्यात दोघं गंभीर जखमी झाले. तेव्हा शॉनने शरणागती पत्करली. मला वाटतं, त्याचं खरं नेतृत्व इथे दिसतं. दिलेलं काम कधीच पार पडलं होतं, आणि आता आपली माणसं वाचवायची होती.

४ मे रोजी लष्करी न्यायालयापुढे खटला झाला. रविवारी रात्री किलमेनहॅम तुरुंगात घरची माणसं भेटून गेली. ८ मेच्या पहाटे फादर अल्बर्ट त्याच्या सोबत होते. डोळ्यांवर पट्टी, छातीवर नेम धरण्यासाठी पांढरा कागद, आणि बसायला एक खोकं. त्याच पहाटे उठावातल्या एमन केंट, मायकल मॅलिन आणि कॉन कोलबर्ट यांनाही मारलं.

शॉनची बहीण ख्रिस्ती जोगीण (नन) होती, मुलांना शिकवायची. तिला त्याने शेवटच्या पत्रात लिहिलं, की माझ्यावर खरं प्रेम असेल तर तुझ्या वर्गातल्या मुलांना त्यांच्या देशाचा इतिहास शिकव.

१९६६ मध्ये, उठावाला ५० वर्षं झाली तेव्हा, आयर्लंडने १५ रेल्वे स्टेशनांना मारल्या गेलेल्या क्रांतिकारकांची नावं दिली. तोवर हे स्टेशन होतं किंग्जब्रिज. शेजारचा पूल इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या भेटीची आठवण म्हणून बांधलेला, त्यावरून स्टेशनचं नाव. म्हणजे राजाची आठवण पुसून तिथल्या कारकुनाचं नाव लागलं! मला हा फार मोठा न्याय वाटतो.

तो पूलही आता शॉन ह्यूस्टनच्याच नावाचा आहे आणि लुआस ट्रामची रेड लाइन त्यावरून जाते. डब्लिनमधल्या आई-बाबांनो, तिथून जाताना मुलांना हा माणूस कोण होता ते जरूर सांगा. बहिणीकडे त्याने तेवढंच तर मागितलं होतं.